परकी नजर आणि पाण्यातील दैवते : 'वॉटर अँड वुमनहूड'चे उजनीकाठावरून पुनर्वाचन

प्रास्ताविक

ग्रामीण लोकविश्वासांकडे पाहण्याच्या दोन रीती मराठी वाङ्मयविचारात रूढ झालेल्या दिसतात. पहिली रीत आस्थेची. तीत गावदेव, अंगात येणे, कौल लावणे, आसरांची ओटी भरणे या गोष्टी ग्रामजीवनाचा रंग म्हणून येतात आणि लेखक त्यांच्याविषयी फारसा प्रश्न विचारीत नाही. दुसरी रीत प्रबोधनाची. तिच्या लेखी याच गोष्टी अज्ञानाच्या खुणा ठरतात आणि त्यांचे निर्मूलन हे लेखनाचे प्रयोजन बनते. या दोन्ही रीतींनी मराठीला काही महत्त्वाचे दिले आहे. तथापि विश्वास ठेवणाऱ्या माणसाला त्या विश्वासातून नेमके काय मिळते, हा साधा प्रश्न दोन्हींकडून बराचसा मागेच राहिला. तो नेटाने विचारण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते, त्यांत परदेशातून महाराष्ट्रात येऊन, येथे राहून, मराठी आत्मसात करून लिहिणारे काही अभ्यासक येतात.

अशा अभ्यासकांपैकी ॲन फेल्डहाऊस यांच्या 'वॉटर अँड वुमनहूड' (१९९५) या ग्रंथाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. महाराष्ट्रातील नद्यांचे धार्मिक अर्थ हा ग्रंथाचा विषय होय. तो कोणत्या भूमीवर उभे राहून वाचावा, यावर त्याचे मूल्यमापन बरेचसे अवलंबून राहते. येथे ते वाचन भीमेच्या काठावरून, उजनी धरणाच्या जलाशयालगतच्या करमाळा व माढा तालुक्यांतील आणि समोरच्या इंदापूरच्या बाजूच्या गावांच्या संदर्भात केले आहे. नदीविषयीच्या ग्रंथाची कसोटी पाहण्यास, जिथे नदीच बुडाली आहे असा प्रदेश निवडणे काहीसे अन्यायाचे वाटेल. परंतु याच प्रदेशात त्या ग्रंथाचे बळ आणि मर्यादा दोन्ही उघड होतात.

परक्या भूमीत राहून लिहिणे

फेल्डहाऊस यांच्या कामाची पूर्वपीठिका गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांच्याशी जोडलेली आहे. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत अध्यापन करणारे सोन्थायमर एका अंगाने हिंदू कायद्याच्या इतिहासाचे अभ्यासक होते. एकत्र कुटुंबसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु महाराष्ट्रातील वास्तव्यात धनगरांच्या वाड्यावस्त्या, त्यांच्या ओव्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा ही दैवते यांनी त्यांना असे ओढून घेतले की त्यांची खरी ओळख त्याच कामाने झाली. या दैवतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये निघाला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर फेल्डहाऊस यांनी १९८९ मध्ये 'पास्टोरल डीटीज इन वेस्टर्न इंडिया' या नावाने केले. स्वतः फेल्डहाऊस यांचा प्रारंभ महानुभाव वाङ्मयापासून झाला. महानुभावांच्या धर्मव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९८३ चा. पुढे शं. गो. तुळपुळे यांच्यासमवेत त्यांनी प्राचीन मराठीचा कोश (१९९९) सिद्ध केला आणि रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर २०११ मध्ये प्रसिद्ध केले.

ही नोंद केवळ परिचयासाठी केलेली नाही. परदेशी माणूस एखाद्या प्रदेशात येतो, तेथील रूढी आणि भुताखेतांच्या गोष्टी यांनी भारावतो आणि त्यावर पुस्तक लिहितो, हा प्रकार वसाहतकाळापासून परिचित आहे. त्या प्रकारच्या पुस्तकांत स्थानिक माणूस नमुना म्हणून येतो. सोन्थायमर व फेल्डहाऊस यांचे लेखन त्याहून निराळे ठरते, याचे मुख्य कारण भाषा हे होय. ज्या अभ्यासकाने तेराव्या शतकातील मराठी गद्य शब्द-शब्द उलगडले आहे, त्याला घाटावरच्या बाईचे बोलणे केवळ माहिती म्हणून ऐकू येत नाही. त्या बोलण्यातील एखादा शब्द माहात्म्यग्रंथात कोणत्या अर्थाने येतो आणि येथे कोणत्या अर्थाने वापरला जातो, हे त्याला ताडून पाहता येते. ग्रंथातील पोथी आणि क्षेत्रकार्य यांची सांगड या भाषाज्ञानावर उभी आहे.

परकेपणाचा प्रश्न मात्र एवढ्याने मिटत नाही. २००४ च्या जानेवारीत पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. त्यामागे जेम्स लेन यांच्या पुस्तकाचा वाद होता आणि त्यानंतर महाराष्ट्रावर लिहिणाऱ्या परदेशी अभ्यासकाकडे संशयाने पाहण्याची एक सवयच काही काळ लागून राहिली. त्या सवयीचा तोटा असा की गुणदोषांचा विचार बाजूला पडतो आणि लेखकाचे पारपत्र तेवढे तपासले जाते. शिवाय परकेपणा हा देशाच्या सीमेवरच सुरू होतो असे नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील (१९५५) निवेदक हा माणदेशचाच, तरी धनगरांच्या वाडीत तो मास्तर म्हणून बाहेरूनच येतो आणि त्या बाहेरून येण्यातच कादंबरीची दृष्टी घडते. सोलापूर वा इंदापूरच्या महाविद्यालयातून जलाशयाकाठच्या वस्तीवर जाणारा प्राध्यापक हाही पुष्कळदा परगावचाच असतो.

ग्रंथाचे प्रतिपादन

हिंदू परंपरेविषयीच्या अभ्यासात संन्यास, पापक्षालन आणि मोक्ष यांना फार मोठे स्थान मिळाले. नदीचाही विचार त्याच चौकटीत झाला : नदी म्हणजे पाप धुणारी, तीर्थ म्हणजे संसार तरून जाण्याची जागा. फेल्डहाऊस यांनी महाराष्ट्रातील नद्यांच्या आधारे दाखवून दिले की लोकांच्या लेखी नदीचे महत्त्व प्रामुख्याने संसारातच आहे. अन्न, संपत्ती, आरोग्य, दीर्घायुष्य, सौभाग्य, मुलेबाळे या गोष्टी नदीकडे मागितल्या जातात आणि त्या मागण्यात कमीपणा मानला जात नाही. नदी स्त्रीरूप आहे, याचा अर्थही येथेच उलगडतो. तिची ओटी भरतात, तिला हळदकुंकू वाहतात, काही ठिकाणी या काठापासून त्या काठापर्यंत साड्या जोडून तिला नेसवतात. डोंगरावर शिव आणि खाली वाहणारी नदी ही जोडी त्या अनेक कथांतून मांडतात. भीमेच्या उगमकथेत ती शंकराच्या घामातून निघाली असे सांगितले जाते, ती कथा याच मालिकेतील होय. उन्हाळ्यात नद्यांचे पाणी कावडींतून शिखर शिंगणापूरच्या शंभूमहादेवाला नेण्याच्या प्रथेचा विस्तृत विचार त्यांनी पुढे 'कनेक्टेड प्लेसेस' (२००३) या ग्रंथात केला.

ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचा भाग साती आसरांचा आहे, असे म्हणावे लागते. आसरा हा शब्द अप्सरा या शब्दाशी जोडला जातो. परंतु शेंदूर लावलेल्या सात दगडांच्या रूपाने विहिरीच्या थारोळ्याजवळ, ओढ्याच्या वळणावर वा नदीच्या डोहाकाठी बसलेल्या या सात बहिणींत स्वर्गातील अप्सरांचे काही उरलेले नाही. त्यांच्या सोबत बहुधा भाऊ म्हणून म्हसोबा असतो. त्या मूल देतात आणि मूल नेतातही. टळटळीत दुपारी वा तिन्हीसांजेला डोहाकडे एकटे जाऊ नये, बाळंतिणीने जपावे, विटाळात पाणवठ्यावर जाऊ नये, एखादी तशी गेली तर तिला आसरा लागतात, हे सगळे मराठी मुलखात घरोघरी ऐकलेले असते. ज्यांना मोठ्या नदीचे सोवळे माहात्म्य लाभले नाही, अशा पाण्याच्या या देवता. गंगेच्या पातळीवर चढवलेली गोदावरी वा भीमा आणि डोहातल्या आसरा यांना एकाच ग्रंथात, एकाच गांभीर्याने आणून बसवणे ही या अभ्यासाची मोठी कामगिरी होय. पोथीतील नदी आणि डोहातील नदी यांच्यातील अंतर संस्कृतज्ञांनी आणि लोकसाहित्याच्या संग्राहकांनी आपापल्या सोयीने कायम ठेवले होते.

उजनीच्या पाण्यात

उजनी धरण माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ भीमेवर बांधले गेले आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर हे नाव आहे. एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी, हा मृतसाठा आहे. जलाशयाचा फुगवटा करमाळा, माढा, इंदापूर, कर्जत आणि दौंड या तालुक्यांच्या हद्दींत पसरतो. त्याखाली काळ्या रानासह नदीकाठची गावठाणे गेली. लोक उठून वरच्या अंगाला आले. केत्तूरसारख्या गावाच्या नावापुढे 'नं. १', 'नं. २' असे आकडे लागले. जुन्या गावाची काही बांधकामे पाणी उतरले की आजही दिसतात : इंदापूरच्या बाजूला पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर, करमाळ्याच्या बाजूला कुगावचा इनामदारांचा वाडा.

फेल्डहाऊस यांचा ग्रंथ धरण पूर्ण झाल्यानंतर पंधरा वर्षांनी आला. तरी धरणांचा विचार त्याच्या केंद्रस्थानी नाही. त्यातील नदी वाहती आहे, तिला दोन काठ आहेत, घाट आहेत, संगम आहेत. येथे, उजनीकाठी उभे राहून ग्रंथ वाचला असता त्यातील प्रत्येक विधीपुढे एक अडचण उभी राहते. काठापासून काठापर्यंत साडी नेसवायची तर तो पलीकडचा काठ कित्येक किलोमीटर दूर गेलेला आहे. घाट पाण्याखाली आहे आणि पाण्याची कड दर महिन्याला सरकते. चैत्रात जिथे पाणी भरले जाई ती जागा चैत्रात चिखल असते आणि भाद्रपदात दहा-वीस पुरुष खोल. ओटी कुठे ठेवायची, हा प्रश्न येथे शब्दशः पडतो.

धरणाच्या खालच्या अंगाची गोष्टही पाहण्यासारखी आहे. नीरा-नरसिंहपूरचा संगम आणि पंढरपूरची चंद्रभागा ही भीमेची दोन मोठी स्थळे धरणाच्या खाली येतात. आषाढी वारीच्या वेळी चंद्रभागेला स्नानापुरते पाणी असावे म्हणून उजनीतून पाणी सोडले जाते. म्हणजे नदीच्या पावित्र्याचे वेळापत्रक आता जलसंपदा खात्याच्या विसर्गाच्या आदेशाशी बांधलेले आहे. त्याच नदीत पुण्याकडून मुळा-मुठेचे सांडपाणी येते, हे त्या पाण्याच्या काठी राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

असे असले तरी ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन येथे खोटे ठरत नाही, उलट अनपेक्षितपणे खरे ठरते. नदी संसाराला जे देते तेच तिचे धार्मिक मूल्य, असे जर मानले, तर उजनीने या कोरडवाहू मुलखाला ऊस दिला, साखर कारखाने दिले, मासेमारी दिली. भिगवणच्या मासळी बाजारात येणारा चिलापी मासा हे या पाण्याचेच देणे. ओटीत मागितलेल्या पुष्कळ गोष्टी धरणाने दिल्या. परंतु ज्यांनी जमिनी दिल्या आणि ज्यांना पाणी मिळाले, ते प्रत्येक वेळी एकच नव्हते. विस्थापितांच्या या बाजूचे चित्रण मराठीत विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ने (१९९१) केले. त्या कादंबरीचे बळ जमीन, कागद आणि कचेऱ्या यांच्या वर्णनात आहे. 'वॉटर अँड वुमनहूड'मध्ये दैवते आहेत आणि विस्थापन नाही, 'झाडाझडती'त विस्थापन केंद्रस्थानी आहे आणि पाण्याची दैवते नाहीत. उजनीकाठच्या माणसाला ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावी लागतात, आणि तरी मधली एक जागा रिकामीच राहते.

देव कोण हलवतो

ती जागा अशी. गाव उठले तेव्हा देवांचे काय झाले? या प्रश्नाला सोन्थायमर यांच्याकडून एक उत्तर मिळते. धनगरांचे दैवत भक्तामागून चालत येते, हे त्यांनी अनेक कथांतून दाखवले आहे. वीर येथील म्हस्कोबा हा कमळाजी या भक्तामागून सोनारीहून आला, अशी परंपरा आहे. सोनारी हे परंड्याकडील काळभैरवाचे ठाणे करमाळ्याहून फार दूर नाही. कळप पुढे सरकतो, वस्ती सरकते, देव सरकतो. सोन्थायमर यांनी वन आणि क्षेत्र या दोन संज्ञांनी या सरकण्याची मांडणी केली : चराऊ रानातील देव हळूहळू नांगरटीच्या, वस्तीच्या प्रदेशात येऊन स्थिर होतो. उजनीच्या दोन्ही काठांना गेल्या चार दशकांत चराऊ रान उसाखाली गेले, तेव्हा वनाचे क्षेत्र होण्याची ती प्रक्रिया येथे एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडली.

या दृष्टीने पाहता बुडीत गावच्या देवांचे स्थलांतर हे परंपरेला सोडून झालेले नाही. गावठाण हलले, देवाला नव्या गावठाणात नवे देऊळ मिळाले. पळसदेवच्या ग्रामस्थांनीही तेच केले. मारुती, महादेव, भैरोबा यांची प्रतिष्ठापना पुन्हा होऊ शकते. त्यासाठी शास्त्र आहे, पुरोहित आहे, वर्गणी आहे.

आसरांसाठी यातले काहीच नाही. आसरा या त्या डोहाच्या असतात. त्यांचे सात दगड उचलून माळावरच्या पुनर्वसित गावठाणात आणून मांडले, तर ते दगड होतील. डोह तिथे नाही. एखाद्या नव्या विहिरीवर आसरा पुन्हा मांडल्या जातात, पण त्या त्या विहिरीच्या असतात. येथे फेल्डहाऊस यांचा ग्रंथ सोन्थायमर यांच्या सिद्धांतापासून वेगळा काढून वाचावा लागतो. एका गटाची दैवते माणसाशी बांधलेली आहेत, दुसऱ्या गटाची जागेशी. धरणाने या दोन गटांना सारखे वागवले नाही. पहिला गट कमी-अधिक खर्चाने वाचला, दुसऱ्याची दखल कोणत्याही भरपाईच्या यादीत येण्याजोगी नव्हती. फेल्डहाऊस यांनी हा भेद अशा शब्दांत मांडलेला नाही, परंतु तो मांडण्याची सामग्री त्यांनीच पुरवली आहे. 'समजुती' म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींत जागेची इतकी नेमकी जाणीव असते, हे त्यांच्या आसरांवरील विवेचनावाचून ध्यानात येणे कठीण होते.

अंधश्रद्धा या शब्दाविषयी

येथे एक आक्षेप घ्यावाच लागतो. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला निवाडा न देण्याची मुभा असते. बाळंतिणीला ताप आला, ती बरळू लागली आणि घरच्यांनी आसरा लागल्या म्हणून ओटी भरण्यात दोन दिवस घालवले, तर त्या दोन दिवसांची किंमत ती बाई देते. अर्थांचे विवेचन करणाऱ्या ग्रंथात ही किंमत मागे पडते. आसरांच्या कल्पनेत दोष बहुधा बाईकडेच कसा येतो, विटाळाचा, वांझपणाचा, तिन्हीसांजेला बाहेर पडल्याचा, हा प्रश्न स्त्रीत्वाविषयीच्या ग्रंथाला अधिक धारदारपणे विचारता आला असता. नदीच्या स्त्रीरूपातील समृद्धी त्यात जितकी तपशिलाने येते, तितका त्या रूपाचा जाच येत नाही, असे वाटते.

याउलट प्रबोधनाच्या बाजूनेही हा शब्द सरसकट वापरता येत नाही. नरेंद्र दाभोलकर यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यावर महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याने श्रद्धेची व्याख्या करण्याचा खटाटोप केला नाही. भूत उतरवण्याच्या निमित्ताने मारहाण करणे, साप वा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे, अशी कृत्ये त्याने गुन्हा ठरवली. डोहाला खण-नारळ वाहणारी बाई त्या अनुसूचीत येत नाही. वर्गात लोकसाहित्य शिकवताना 'हे सर्व अंधश्रद्धा' किंवा 'हे सर्व संस्कृती' अशी एका वाक्यात वाट लावण्याची जी सवय दिसते, तिच्यापेक्षा त्या अनुसूचीची वाक्यरचना अधिक विवेकी आहे.

शिवाय डोहाविषयीच्या धाकात पाण्याची माहिती साठवलेली असते, हेही विसरता येत नाही. कोणत्या वळणावर ओढ आहे, कुठे तळ खचतो, कोणत्या प्रहरी पाण्यावर कोणी नसते, हे त्या गोष्टींनी पोरांना शिकवले. जुन्या नदीची ती माहिती नव्या जलाशयाला लागू पडत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरची चर्चा जीवरक्षक जाकिटांची, बोटींच्या परवान्यांची आणि कुगाव ते शिरसोडी पुलाची होती, व ती तशीच असायला हवी होती. वळवाच्या वाऱ्यात एवढ्या रुंद पाण्यावर लाट कशी उठते, याविषयी जुन्या भीमेच्या कोणत्याही गोष्टीत काही सांगितलेले असण्याचे कारण नव्हते. पन्नास वर्षांहून कमी वयाच्या या पाण्याची स्वतःची कथा अजून पुरती तयार झालेली नाही.

अशा कथा तयार होत असतील तर त्या कोणाच्या तोंडी? बोटी चालवणाऱ्या भोयांच्या, जाळी टाकणाऱ्यांच्या, गाळपेरीला उतरणाऱ्या बायांच्या. त्या ऐकण्यासाठी ॲरिझोनाहून किंवा हायडेलबर्गहून यावे लागत नाही. करमाळा, इंदापूर, टेंभुर्णी येथून सकाळी निघून दुपारपर्यंत काठावर पोहोचता येते. फेल्डहाऊस यांच्याकडून घ्यायचे ते त्यांचे निष्कर्ष नव्हेत. एका शब्दापाशी बराच वेळ थांबण्याची, आणि सांगणारीला लगेच दुरुस्त न करण्याची त्यांची रीत घ्यायची आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा काठावरच्या बोलीत 'मायनस'मध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली गेला. पळसनाथाचे मंदिर उघडे पडले, लोक दर्शनाला आणि छायाचित्रे काढायला गेले, वर्तमानपत्रांत त्याच्या कोरीव खांबांविषयी मजकूर आला. डोह मात्र नदीपात्राच्या सर्वांत खोल जागी असतात. मृतसाठ्यातील निम्मे पाणी संपले तरी उरलेले पाणी जुन्या पात्रातच राहते. त्या उन्हाळ्यातही ते तिथेच होते, आणि डोहाकाठचे दगड त्याखाली, गाळात.